तापवलेल्या दुधाचा घोळ

माझी सून बारामतीला दुधाच्या लॅबमध्ये नोकरी करते. लग्न ठरताना सांगितलं होतं, मुलगी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलीय. मी चौथी पास, तीही गुरुजींच्या दयेनं. तो शब्द जिभेवर बसेना, म्हणून आमच्या अंथुर्णे गावात सगळ्यांना सांगून टाकलं, ती जंतूंची पोलीस पाटील आहे.

गेल्या वर्षी त्यांच्याकडं पुण्याहून एक नवं किट आलं. दुधात विषबाधेचे जंतू आहेत का हे बघायला जुन्या पद्धतीत चार-पाच दिवस जंतू वाढवायच्या ताटल्या सांभाळत बसावं लागतं. हे किट म्हणे दुसऱ्या दिवशी सांगतं. ते खरं सांगतं का, हे तपासायचं काम सुनेकडं आलं. एकाच दुधाच्या बाटल्या भरायच्या, काहींत मुद्दाम जंतू सोडायचे, काही तशाच ठेवायच्या, आणि कशात काय ते न सांगता दोन्ही पद्धतींनी तपासायला द्यायच्या. तिनं सही केली की किट चालू. सही चुकली, तर खराब दूध चांगलं म्हणून पोराबाळांच्या पोटात.

"आबा, आपल्या गाईचं दूध देता का? तापवू नका, धार काढली की तसंच बाटलीत भरा," ती म्हणाली.

हो म्हणालो आणि मग डोकं चालवलं. माझ्या दुधाला आजवर कुणी नाव ठेवलं नाही आणि आता माझ्या गोठ्यातले जंतू बारामतीचा साहेब दुर्बिणीतून बघणार? पातेलं चुलीवर ठेवलं. तीनदा वर आणलं.

आमची म्हातारी, म्हणजे बायको, म्हणाली, "तिनं कच्चं सांगितलंय न्हवं?"

"पाव्हण्याला कच्चं दूध देतीस का?"

"पाव्हणा पितोय. सायेब जंतू मोजतोय."

"तू गप."

दूध गार केलं, बाटली भरली. साय साखर घालून खाल्ली.

आठवड्यानं सून घरी आली ती थेट गोठ्यात. "आबा, किट सगळ्या बाटल्यांत बरोबर निघालं. साहेब म्हणतायत सही कर."

"मग कर की."

"ताटल्यांवर आम्ही सोडलेले जंतू आले, पण बाकी काहीच नाही. कच्च्या दुधात साधे, निरुपद्रवी जंतू असतातच. तुमच्या दुधात एकही नाही."

"सोच्छ हाय दूध."

"इतकं स्वच्छ दूध देणारी गाय अजून जन्मायचीय. तापवलं होतं?"

"न्हाय."

घरातून म्हातारी ओरडली, "मग साय कुणी खाल्ली?"

सून रागावली नाही, तेच बोचलं. म्हणाली, "आबा, रिकाम्या मैदानात चोर कुणालाही सापडतो. किटला तो जत्रेतल्या गर्दीत सापडायला हवा. तुम्ही गर्दीच घालवली. आणि मी काल सही करायला बसले होते."

जन्मात मी कुणाची माफी मागितलेली नाही, बापाचीही नाही. एवढंच म्हणालो, "उद्या पाचला हितं उभी ऱ्हा."

सकाळी तिच्यासमोर धार काढली. गाईनं शेणाची शेपटी फिरवली, चार थेंब माझ्या तोंडावर आणि एखादा चरवीत. मी दूध ओतून द्यायला उठलो.

"राहू द्या, आबा. रोजचं असंच असतं ना?"

"कंदी कंदी," मी म्हणालो. एवढं कबूल करायलाही मला घाम फुटला.

या वेळी जंतू सोडलेल्या दोन बाटल्या किटनं चांगल्या म्हणून सोडून दिल्या. ताटल्यांनी त्या धरल्या. किट विकणारा तणतणला, हे कुठलं घाण दूध आणलंय? सून म्हणाली, "माझ्या सासऱ्यांच्या गोठ्यातलं." सगळ्या ऑफिससमोर. सही तिनं केली नाही, किट दुरुस्तीला परत गेलं, आणि साहेब अजून तिच्याशी धड बोलत नाही.

हे ऐकून मला अर्धा तास लाज वाटली. मग संध्याकाळी कॅन घेऊन डेअरीच्या रांगेत गेलो आणि कुणी विचारायच्या आत मीच सांगितलं, "आमच्या जंतूंनी पुण्याचं किट पाडलं."