माय चंद्रा डिलिव्हरी

माझ्या लाल पेनानं एकदा एका भल्या माणसाचा संसार मोडायची वेळ आणली होती. हसू नका, खरं सांगतोय!

मी मूळचा पुण्याचा. कोल्हापूरच्या शाळेत इंग्रजी शिकवायला येऊन दोनच महिने झाले होते. कुणी 'ही डोन्ट नो' म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. आणि तिथं सगळेच म्हणायचे!

एके सकाळी आमचे क्लार्क महादेवराव माझ्या टेबलावर कागद टाकून पळाले. "सर, रजेचा अर्ज हाय. मोठ्या बाईंना द्या की. लई गडबडीत हाय!"

अर्जात एकच ओळ: 'माय चंद्रा डिलिव्हरी, टू डे लीव्ह.'

आता तुम्हीच सांगा, याला इंग्रजी म्हणायचं? क्रियापद कुठंय? चंद्रा कोण, हे काय वाचणाऱ्यानं ओळखायचं? काढलं लाल पेन आणि केली दुरुस्ती: 'माय वाइफ चंद्रा हॅज डिलिव्हर्ड अ बेबी.' स्वतःवरच खूश!

मोठ्या बाईंनी म्हणजे मुख्याध्यापिकांनी तो अर्ज सगळ्यांसमोर वाचला. टाळ्या! शाळा सुटल्यावर झबलं, टोपरं घेऊन आम्ही पाचजण महादेवरावांच्या गावी हजर.

दारात एक ठणठणीत बाई. "या की पावणं!"

"बाळ कुठंय?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"गोठ्यात."

"आणि बाळंतीण?"

"ती बी तितंच की. पेंड खातीया."

मी भडकलो. "अहो, महादेवरावांच्या बायकोला गोठ्यात ठेवलंत?"

"आँ? मग मी कोण हाय?"

मोठ्या बाईंनी चाचरत अर्ज काढून मराठीत समजावला. झालं! दारातल्या बाई गोठ्याकडं वळून कडाडल्या, "अवो, म्हशीला बायको लिवलंसा? आन मला काय दावणीला बांधणार? मी चालले माहेरला!"

महादेवराव चिकाची चरवी घेऊन धावत आले. "आईशप्पत, मी न्हाय लिवलं! ही लाल शाई बघ की!"

सगळ्यांनी माझ्या खिशातल्या पेनाकडं बघितलं.

मी हात जोडले. बाई पदराआड हसल्या तेव्हा कुठं जीवात जीव आला. पण महादेवराव कसले सोडतात! "सर, आमचं चुकलंच. म्हस व्याली, हे इंग्लिशमधी कसं म्हणायचं?"

आणि काय सांगू, मला येत नव्हतं! तिथंच दारात उभं राहून मोबाईलवर शोधत होतो, तर रेंज न्हाय.

दोन दिवसांनी महादेवरावांनी नवा अर्ज दिला, शुद्ध मराठीत. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'इंग्रजीच्या सरांना दाखवू नये.'