पुलावरून गुजरला

मुशी नदीला पूर आला अन् हैदराबाद बुडालं, तवा तू कुठं होतास, असं आमच्या वयाची माणसं पारावर बसली की अजून एकमेकांना विचारतात. आमचा मुलूख मोगलाईतला, म्हणजे निजामाच्या राज्यातला. राजधानी बुडाली म्हणजे आपल्याच घराचं आढं पडलं, असं तवा ज्याला त्याला वाटलं होतं. कुणी म्हणतो मी बाजरी खुडत होतो, कुणी म्हणतो विहिरीवर होतो. मी नेकनूरच्या बाजारात होतो. नवरात्र चाललं होतं अन् वैनीनं मला घटाच्या माळेसाठी झेंडू आणायला धाडलं होतं.

खरं सांगायचं तर तोवर देवाशी माझं फारसं बोलणं नव्हतं. शाळेत मी दुसरीच्या पुढं गेलो न्हाई आणि देवळात पायरीच्या पुढं. कुणापुढं वाकायचं म्हटलं की मान दुखायची. पण माझा थोरला भाऊ, आमचा दादा, हैदराबादेत एका जहागीरदाराच्या तबेल्यात घोडी सांभाळायला होता, अन् घरात त्याची बायको एकटी घट बसवायची. तिनं सांगितलं की मी करायचो. आईमागं तिनंच मला वाढवलेलं. नऊ दिवस अनवाणी राहा म्हणाली, राहिलो. देवीसाठी न्हाई, तिच्यासाठी.

बाजारात आमचे चुलते, तात्या, बरोबर होते. पुराची बातमी आदल्याच दिवशी जालन्याकडून आली होती, जो तो तेच बोलत होता. अशात एक टांगा थांबला. आत निजामाच्या पलटणीतला एक शिपाई होता, रजेवर बीडला चाललेला. दादाला तो ओळखत होता. आमचं गाव कोणतं अन् आमी दादाचे कोण ते कळल्यावर त्यानं टांग्यातूनच तात्यांना हाक मारली अन् म्हणाला, "तुमारा भतीजा पुल पे से गुजर गया. मैं खुद देखा."

तात्यांनी कपाळावर हात मारला अन् खालीच बसले. माणसं गोळा झाली. त्या गलबल्यात टांगा पुढं निघून गेला. मागं धावायचं मला सुचलं न्हाई. हातातली फुलं तेवढी मी घट्ट धरून ठेवली होती.

आमच्याकडं माणूस गेला की गुजरला म्हणतात. आमचा आजा गुजरला, आई गुजरली. त्यामुळं त्या शब्दापुढं विचारायला काही उरलंच नव्हतं. शिवाय पुलांवरून पाणी गेलं, हे बाजारात ज्याच्या त्याच्या तोंडी होतं.

घरी आलो तर आमच्या आधीच बातमी पोचलेली. अंगणात बाया जमल्या होत्या. तात्या म्हणाले, सूतक लागलं, घट हलवा, नंदादीप शेजारी द्या, अन् सुनेच्या बांगड्या उतरवा. यात तात्यांचं चुकलं असं मी म्हणणार न्हाई. रीत तीच होती.

वैनी घटापुढं बसली होती. धान बोटभर उगवून आलं होतं, त्याला ती ओंजळीनं पाणी घालत होती. डोळे कोरडे. ती उठली न्हाई. म्हणाली, "मामंजी, आई घरात बसलीया. तिला ऊठ कुणी म्हणायचं? दसऱ्याला ती आपणहून उठंल. मग मी बी उठंन. तवर माझ्या हाताला कुणी हात लावायचा न्हाई."

एक म्हातारी बोलली, "अगं, सूतकात घट बाटतो."

"बाटला तर आई मला विचारील, आत्या. तुमाला न्हाई विचारायची."

दुसरी कुजबुजली, पण ऐकू जाईल अशी, "भलती धीट बाई! नवरा गेला अन् ही धानाला पाणी घालती."

ते ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी कोपऱ्यातली काठी घेतली अन् उंबऱ्यावर आडवा बसलो. तात्या म्हणाले, "तू कावून आडवा येतो बे?" मी म्हणालो, "वैनी उठंल तवा मी उठंन." ते म्हणाले, "हेकट हायस, बापावर गेलास." मी म्हणालो, "गेलो."

पण मनातली गोष्ट इथं सांगतो. दादा मेला, हे मी धरून चाललो होतो. मी बसलो तो हट्टानं, आपल्या दारात कुणाची चालू द्यायची न्हाई म्हणून. वैनी बसली ती कशाच्या आधारावर, हे मला तवा कळत नव्हतं. मी तिच्याकडं बघायचो. ती वेळेवर वातीला तेल घालायची, माळ ओवायची, मला भाकरी वाढायची. दादाला राख म्हणून तिनं देवीला एकदाही म्हटलेलं मी ऐकलं न्हाई. एवढंच म्हणायची, "तुज्या हाती हाय, आई." माझ्या अंगात जन्मभर जोर होता, पण तसा जोर मी दुसऱ्या कुणात बघितला न्हाई.

खंडेनवमीला दुपारी आमच्या घराजवळच्या ओढ्यात एक छकडा रुतला. काठी उंबऱ्यावर आडवी ठेवून मी गेलो अन् गाडीवानाबरोबर तो ओढून काढला. आत एक मुसलमान म्हातारी होती, बांगड्यांविना मोकळ्या हातांची, पाटोद्याला बहिणीकडं चाललेली. तिला ऊन लागलं होतं म्हणून मी तिला दारात आणली अन् पाणी दिलं. अंगणात तात्या अन् चार बाया होत्याच, रोजच्यासारख्या समजूत घालायला आलेल्या. म्हातारीनं मला विचारलं, "क्या हुआ रे बाबा? कौन गया?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "मैं वहीं से आई. किसने बोला तेरे कू? क्या बोला?"

शिपायाचं बोलणं माझ्या कानात रुतून बसलेलं. मी जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

म्हातारीनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं, तात्यांकडं बघितलं, अन् एकदम म्हणाली, "अरे दीवानो! पुल पे से गुजर गया बोले तो पुल पार कर गया! मरा नै, पार गया!" मग तिचा आवाज खाली आला. "मेरा बच्चा गुजर गया. पानी में. तुमारा पुल पे से गुजर गया. फरक है, बाबा. लई फरक है."

जिचा लेक आठवड्यामागं पाण्यात गेला, ती बाई आमच्या दारात बसून आमचा माणूस जिता हाय म्हणून सांगत होती, अन् सांगताना तिच्या तोंडावर आनंद होता. खरा आनंद. असलं काळीज देव कुणाला कसं देतो, मला ठाऊक न्हाई.

तवा वैनी उठली. इतक्या दिवसांत घटाजवळून पहिल्यांदा ती अंगणात आली. खणानारळाचं ताट घेतलं अन् म्हातारीपुढं बसली. एक बाई पुटपुटली, "अगं, ती विधवा, त्यात मुसलमानीण..." वैनीनं मान वर केली न्हाई. तिची ओटी भरली, पायावर डोकं ठेवलं, अन् मग रडली. म्हातारीनं तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. तात्यांनी आपला पटका डोळ्यांना लावला.

अन् मी वाकलो. त्या म्हातारीच्या पायाशी वाकलो अन् घटापुढंही वाकलो. मान दुखली न्हाई.

दसऱ्याला घट उठला तवा दादाचा काही पत्ता नव्हता. म्हातारीचं बोलणं खरं की खोटं हे सांगणारं कुणी नव्हतं. तरी वैनीनं हिरव्या बांगड्या भरलेल्या हातानं धान उपटलं अन् तात्यांच्या पटक्यात सगळ्यांच्या आधी खोवलं. पुढं दिवाळी तोंडावर आली असता दादा पायी आला. वाळलेला, दाढी वाढलेली. मालकाची घोडी उंचावर न्यायला तो पाणी चढायच्या आधीच पूल ओलांडून गेला होता, पुढं तापानं पडून राहिला. तात्या त्याच्या गळ्यात पडले अन् म्हणाले, "गाढवा, गुजरलास म्हणून आमी तुला रडलो की रं!"

म्हातारीला शोधत मी अन् दादा पाटोद्याला गेलतो. सापडली न्हाई. नाव विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

त्या सालापासून वैनी दर खंडेनवमीला एक माळ जास्तीची ओवायची अन् ओढ्याच्या पाण्यात सोडायची. त्या माउलीच्या लेकाची म्हणायची. आता वैनी न्हाई, दादा न्हाई. माळ मी ओवतो. बोटं थरथरतात, सुईत दोरा जात न्हाई, पण नातसुनेला मी हात लावू देत न्हाई. आमचा राखला अन् तिचा कावून न्हाई राखला, हे मी देवीला लई वर्षं विचारलं, भांडून विचारलं. आता विचारत न्हाई. माळ पाण्यात सोडतो, हात जोडतो, अन् ती दिसेनाशी होईस्तोवर काठावर उभा राहतो.