निकिफोरदादाचा निळा खांदा

निकिफोरदादाचा खांदा कुठल्या शनिवारी किती निळा होता, हे मी अजून सांगू शकतो. शेजाऱ्याच्या अंगावर इतकं बारीक लक्ष ठेवणारा गावात मी एकटाच. अलास्कातल्या कोडियाक बेटावरच्या आमच्या एवढ्याशा गावात दुसरी करमणूक तरी कुठली?

दादा अंगाने किरकोळ. माशांना धुरी द्यायच्या खोपटात उभा राहिला, तर टांगलेल्या माशांतून शोधावा लागायचा. पण वडिलांची थर्टी-ऑट-सिक्स रायफल हातात आली की माणूस बदलायचा. काडतुसं नेहमी लांब, जड गोळीची घ्यायचा. हलकी गोळी अस्वलाच्या मांसातच फुटून जाते, जड गोळी हाडापर्यंत पोचते, हे वडिलांनी शिकवलेलं. ऑगस्टमध्ये ओढ्यात सामन मासे चढले की अकुलिनावहिनी काठावर बसून मासे चिरायच्या आणि दादा त्यांच्या पाठीशी उभा राहून झुडपांकडे बघायचा. तेवीस वर्षं असंच चाललं. तेवढ्या वर्षांत गोळी झाडावी लागली एकदाच, तीही हवेत.

मग मला हुक्की आली. शहरातल्या दुकानात तीनशे पंचाहत्तरची, म्हणजे आणखी मोठ्या गोळीची, रायफल आली होती. तिचं एक काडतूस मी मिळवलं, माझ्या मधल्या बोटाहून लांब, आणि दादाच्या काडतुसाशेजारी उभं केलं. म्हटलं, "दादा, तुझ्या काडतुसाने अस्वल दात कोरेल." लोक हसले, मग मला कोण आवरणार? हिवाळाभर तेच. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवरसुद्धा विचारायचो, दात कोरायचं सामान आणलंस का. पुढे पुढे लोक हसायचं थांबले आणि ही रायफल पुरेल का, असं खरंच काळजीने त्याला विचारायला लागले. वसंतात दादाने मोठी रायफल आणली. जुनी मी घेतली, बदल्यात माझ्या बोटीचं इंजिन दिलं. थट्टा करताना माझा डोळा त्या रायफलवर होता का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. होता, थोडासा.

पहिल्या दिवशी दादाने पाच गोळ्या झाडल्या. शनिवारी आम्ही पुरुष बान्यात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, बसलो होतो. तापल्या दगडांवर पाणी टाकायचं आणि वाफेत घाम काढायचा. अंगावर कपडा नाही, त्यामुळे लपवायलाही काही नाही. दादाचा उजवा खांदा निळाजांभळा झालेला. झाडताना ती मोठी रायफल घोड्यासारखी लाथ घालायची.

"बघा रे, अख्ख्या बेटाचा नकाशा!" मी म्हटलं. "आपलं गाव कुठं आलं दादा, बगलेत?"

हसता हसता एकाच्या हातातलं तपेलं पडलं. पुढच्या शनिवारी मी विचारलं, बेट वाढतंय की काय. तिसऱ्या शनिवारी खांदा स्वच्छ होता. मला वाटलं, सवय झाली. दादाने सराव सोडला होता, शनिवारी डाग दिसायला नको म्हणून. हे मला वहिनींनी सांगितलं, पण ते नंतर, दवाखान्यातून आल्यावर.

ऑगस्टमध्ये दोन पिल्लांची आई झुडपांतून निघाली ती सरळ वहिनींवर. दादाने रायफल उचलली. पण अंगाला तो धक्का आठवला. चाप ओढण्याआधीच डोळे मिटले, नळी खाली झुकली आणि गोळी दहा पावलांवरच्या गोट्यांत गेली. दुसरं काडतूस आत सरकवेपर्यंत अस्वलिणीने वहिनींना एक पंजा मारला आणि पिल्लांमागे झुडपांत गेली. एकच पंजा. विमानाने नेलं म्हणून हात राहिला, पण त्या हाताची बोटं सुरीवर मिटत नाहीत.

 

पुढच्या उन्हाळ्यात मी जुनी रायफल घेऊन त्याच्या दारात गेलो. म्हटलं, "दादा, ही तुझी तू ठेव. इंजिन परत नको."

त्याने हात पुढे केला नाही. "आता कुठलीही दिलीस तरी तेच, मातवे. डोळे आधी मिटतात."

वहिनी चुलीजवळ बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मासे चिरायला यांना शिकवतेय मी. पाठीशी उभं राहायला माणूस लागेल. तू ये. आणि तोंड बंद ठेवून ये."

तेव्हापासून ऑगस्टभर मी ओढ्यावर उभा असतो. दादा मासे असे चिरतो की अर्धं मांस काट्यालाच राहतं. वहिनी डाव्या हाताने दाखवतात, तो पुन्हा चुकतो. माझ्या जिभेवर दहा विनोद येतात. मी झुडपांकडे बघतो.

दर आठवड्याला सराव करतो, त्यामुळे शनिवारी माझा खांदा जरासा लाल असतो. त्याची कुणी थट्टा करत नाही. दादा आता आम्ही सगळे निघून गेल्यावर एकटाच अंघोळीला येतो. मी मुद्दाम शेवटी उठतो आणि निघताना भट्टीत दोन लाकडं जास्त सारून ठेवतो.