दोन वर्षांचं कनेक्शन

हॉलंडात इतकी वर्षं काढून मला एकच विद्या नीट आली: दुसऱ्यांच्या वतीनं डच बोलायची. पुण्या-मुंबईहून आयटीच्या नोकरीवर आलेली मुलं ऑफिसात इंग्रजीवर राज्य करायची. पण घरमालक तापला, नगरपालिकेचं पत्र आलं, किंवा डॉक्टरच्या दवाखान्यातल्या बाईनं फोनवर झटकून टाकलं, की त्यांना माझी आठवण व्हायची. मग मी बुइटनव्हेल्डर्टच्या माझ्या घरून छत्री घेऊन निघायचो. मोबदला म्हणून जेवण घ्यायचो, आणि घरातली बातमी. जेवण कधी कधी वाईट निघायचं. बातमी कधीच नाही.

हार्लेमला तेव्हा एक जोडपं राहायचं. तो सांगलीचा, ती पुण्याची, आणि घर नवं, मागं चिमूटभर बाग असलेलं. त्या घराच्या किमतीत सांगलीचा एक फ्लॅट विरघळला होता. फ्लॅट त्याच्या आईचा. वडील गेल्यावर त्यानं आईला समजावलं, की तू एकटी तिथं काय करणार, विकून टाक आणि आमच्याकडे कायमची ये. आई, म्हणजे आमच्या काकू, सांगलीच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. जगातलं कुठलंही वाक्य तपासल्याशिवाय सोडायच्या नाहीत, फक्त मुलाचं सोडून. त्यांनी फ्लॅट विकला, भांडीकुंडी वाटली आणि तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या. परतीचं तिकीट होतं, पण ते म्हणे नुसतं व्हिसासाठी दाखवायला. कायमचं राहण्याच्या परवान्याचा अर्ज मुलगा इथून करणार होता.

आल्या आल्या मुलानं त्यांना मोबाइल घेऊन दिला. दोन वर्षांचा करार, त्याच्याच नावावर. हे मातृप्रेम कुठून उगवलं ते मला ठाऊक होतं, कारण करार वाचून दाखवायला मीच होतो. घरात एक कनेक्शन असलेल्यानं दुसरं घेतलं, तर त्या महिन्यात दुकान छोटा सपाट टीव्ही फुकट देत होतं. टीव्ही भिंतीवर चढला. फोन उरला, तो आईच्या हातात पडला.

काकूंनी मात्र त्या करारातून भलतंच वाचलं. रविवारी कुणाच्या तरी घरी आम्ही मराठी मंडळी जमायचो. काकू पर्समधून फोन काढून मांडीवर ठेवायच्या आणि शेजारी बसेल तिला सांगायच्या, "दोन वर्षांचं कनेक्शन घेतलंय लेकानं माझ्यासाठी. परवाना यायचाय अजून, पण दोन वर्षांचं घेतलं म्हणजे बघा."

ऐकणारी बाई तोंडभर "हो ना" म्हणायची आणि स्वयंपाकघरात जाऊन दुसरीला कोपर मारायची. कारण सुनेनं तोवर घराघरात सांगून ठेवलं होतं, की सासूबाई तिकिटावरच्या तारखेलाच परत चालल्यात, कोल्हापूरला त्यांच्या भावाकडे. परवान्याचा अर्ज कुणी केलाच नव्हता. सुनेला सासू नको होती याचं मला नवल वाटलं नाही. काकू जेवताना माणसाच्या इंग्रजीतल्या चुका काढायच्या, भाजीतलं मीठ काढता येत नाही म्हणून. नवल याचं वाटलं, की सगळ्या गावाला कळवून झालं आणि जिला जायचं तिलाच कळवायचं राहिलं. नवरा म्हणायचा तू सांग, बायको म्हणायची आई तुझी आहे. त्यातच दिवस चालले होते.

आणि एका बुधवारी मुलाचा मला फोन आला. "दादा, एक काम होतं. आईचा फोन बंद करायचाय."

त्यानं ऑफिसात ऐकलं होतं, की माणूस देश सोडून जात असेल तर कंपनी करारातून सोडते. पुरावा म्हणून पासपोर्ट आणि तिकीट न्यायचं, आणि जमलं तर माणूसही. म्हणजे आईला पुरावा म्हणून दुकानात उभं करायचं. आईला सांगायचं, की फोनच्या नोंदीसाठी पासपोर्ट लागतो. दुकानात सगळ्यांना इंग्रजी येतं, पण इंग्रजी काकूंनाही यायचं, आणि तीच अडचण होती. म्हणून मी.

"तुम्ही फक्त डच बोला," तो म्हणाला. "जायच्या आदल्या दिवशी मी तिला शांतपणे सांगतो."

जायचंय कधी, असं मी विचारलं. म्हणाला, पुढच्या गुरुवारी. मी लगेच हो म्हटलं. अशा नाटकाला पहिल्या रांगेत बोलावणं आल्यावर घरी कोण बसतं?

शनिवारी हार्लेमच्या बाजारात भेटलो. काकूंनी जांभळी साडी नेसली होती, वर मुलाचं जुनं जॅकेट, पायात पांढरे बूट. फोन जुना व्हायला नको म्हणून त्याला त्यांनी स्वतः विणलेली खोळ घातली होती. काउंटरवर एक उंच मुलगी, केस दोन रंगांचे. मुलानं तिच्यापुढे पासपोर्ट ठेवला, तिकीट ठेवलं, आणि आईला जरा पुढे सरकवलं. मी डचमध्ये सुरुवात केली. खरं सांगायचं तर मी छान बोलतो. वृद्ध विधवा, दूरचा देश, पुन्हा न येणं, सगळं घातलं.

मुलीनं ऐकून घेतलं, पडद्यावर बघितलं आणि विचारलं, करार या साहेबांच्या नावावर आहे, साहेब देश सोडताहेत का? मी म्हटलं, नाही. मग फोन कुणाच्या हातात असतो याच्याशी कंपनीला काही देणंघेणं नाही, ती म्हणाली. आत्ता बंद करायचा असेल तर उरलेल्या सगळ्या महिन्यांचे पैसे एकदम भरावे लागतील. दोनच महिने झाले होते, त्यामुळे उरलेले जवळजवळ सगळेच होते. आकडा ऐकून मुलाचा चेहरा उतरला. तो मला म्हणाला, थोडं कमी करा म्हणावं. मी सांगून पाहिलं. मुलगी माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी तिच्याकडे हवामान कमी करून मागतोय.

तरी ती मनानं चांगली होती. काकूंकडे बघून हसली आणि मला म्हणाली, या बाई गुरुवारी जाताहेत त्या परत येणारच नाहीत का? वर्षभरानं आल्या तर हाच फोन उपयोगी पडेल.

प्रश्न काकूंबद्दल होता. मी काकूंकडे वळलो.

"काकू, ती विचारतेय, गुरुवारी जाताय ते कायमच्याच, की पुन्हा यायचा विचार आहे?"

दुभाष्यानं दोन्हीकडचं दोन्हीकडे पोचवायचं असतं. मी नेमकं तेवढंच केलं. पण मुलानं "दादा" असा काही उच्चारला, की शेजारी फोनची कव्हरं बघणारं गिऱ्हाईकसुद्धा वळलं.

काकूंनी काउंटरवरच्या तिकिटाकडे बघितलं. मग मुलाकडे. "या गुरुवारी?"

"आई, मामाशी बोलणं झालंय."

एवढंच तो बोलला. कधी, का, कुणी ठरवलं, काही नाही. मी खिशात रुमाल चाचपून ठेवला होता, पण त्यांचे डोळे कोरडेच राहिले. फक्त अंगठा त्या विणलेल्या खोळीवरून पुढेमागे फिरत होता. मग त्या शाळेतल्या आवाजात मला म्हणाल्या, "भाऊ, विचारा तिला. पैसे भरले नाहीत आणि फोन तसाच ठेवला तर काय होतं?"

मी विचारलं. मुलगी म्हणाली, काहीच होत नाही. तेवढेच पैसे महिन्याच्या महिन्याला जातील आणि फोन चालू राहील. बंद करण्यात या साहेबांचा काही फायदा नाही, हे त्यांना सांगा.

मी सांगितलं. दोघांनाही.

"पैसे तेवढेच," काकू मुलाला म्हणाल्या. "तरी बंद करतोस?"

तो खाली बघून म्हणाला, "ती म्हणते, एकदाचं मोकळं झालेलं बरं." ती म्हणजे बायको. बायकोला आडोसा करून बोलायची सवय त्याला चांगलीच जडली होती.

"हो मोकळा," काकू म्हणाल्या.

आणि तो झाला. कार्ड घातलं, आकडे दाबले, पावती घेतली. आई हातभर अंतरावर उभी होती. मी आजवर पुष्कळ घरांत बरंच काही पाहिलंय, पण एवढे पैसे मोजून इतकं काहीच न मिळवणारा माणूस पाहिला नव्हता.

"आता विचारा," काकू मला म्हणाल्या, "बंद होणार कधी?"

आज संध्याकाळी, मुलगी म्हणाली.

"म्हणजे अजून चालू आहे." त्यांनी खोळ काढली, पर्समध्ये ठेवली आणि नंबर लावायला लागल्या. मुलगा घाईनं म्हणाला, की आई, यावरून इंडियाला लावू नकोस, फार महाग पडतं, घरी स्क्रॅच कार्ड आहे. काकूंनी वर्गात दंगा झाल्यावर करतात तसा पंजा वर केला. मला वाटलं, भावाला लावताहेत. पण फोन पुण्याला लागला, सुनेच्या आईला.

"विहीणबाई, नमस्कार. हार्लेमहून बोलतेय. झोपमोड नाही ना केली? एक आनंदाची बातमी. गुरुवारी निघतेय मी. हो, कायमची." त्या थांबल्या, तिकडचं ऐकलं. "छे, भावाकडे कशाला? तुमच्या लेकीनं तुमच्याकडेच पाठवलंय मला. म्हणते, माझी आई एवढ्या मोठ्या घरात एकटी असते, तुम्ही दोघी मिळून राहा. किती काळजी हो तिला तुमची. नाही, सामान फार नाही. सगळं वाटून टाकलं होतं ना."

मुलानं डोळे मिटून घेतले. पुण्याच्या घरची बाई, समोर जावयाची आई, आणि तीही स्वतःच्या मुलीनं पाठवलेली. तिच्या तोंडून "या ना, तुमचंच घर आहे" याखेरीज काय निघणार? ते निघालं. फोनमधून मलाही ऐकू आलं. मग काकूंनी आणखी फोन केले, नणंदेला, जावेला, शाळेतल्या दोन मैत्रिणींना, आणि प्रत्येकीला सुनेचा हा मोठेपणा सविस्तर सांगितला. मी त्यांच्यासाठी खुर्ची मागून घेतली. आता कुणी शब्द फिरवायचा म्हटलं तरी फिरवायला जागा उरली नव्हती.

बाहेर पडल्यावर मुलगा पुढे गेला. काकू माझ्याबरोबर सावकाश चालत होत्या. "रविवारच्या त्या बायकांना माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांना."

"तुम्हाला?"

"मलाही."

"मग मी फोन दाखवत बसायचे, ते किती मजेचं वाटलं असेल."

गुरुवारी त्या गेल्या. आणि हार्लेमच्या घरी पुण्याहून फोन यायला लागले. विहीणबाई विधवा असल्या तरी मोठ्या सुखात राहणाऱ्या. भिशी, मैत्रिणी, दुपारची झोप. आता त्यांची दुपार काकूंच्या ताब्यात गेली होती, आणि मैत्रिणींचं इंग्रजीही. सून रोज आईचं रडणं ऐकायची आणि मग नवऱ्याला ऐकवायची. नवऱ्यानं पुण्यातच आईसाठी एक फ्लॅट भाड्यानं बघितला. काकूंनी निरोप धाडला, की एकटीनंच राहायचं असतं तर सांगलीचं घर काय वाईट होतं.

पुढच्या हिवाळ्यात मी पुण्याला गेलो, तेव्हा मुद्दाम भेटून आलो. दार विहीणबाईंनी उघडलं. मी हॉलंडचा, असं कळताच त्यांनी माझा हात धरला आणि कुजबुजल्या, "न्या हो त्यांना परत." आतून काकूंचा आवाज आला, चहात आलं घाला म्हणून, आणि विहीणबाई हात सोडून आत पळाल्या.

काकू वाळल्या होत्या. खिडकीपाशी बसल्या होत्या, शेजारी स्टुलावर औषधं. मुलाचं, सुनेचं त्यांनी काही विचारलं नाही. मी विचारलं, की इथं बरं चाललंय ना, सुखात आहात ना?

"सुखात कुठली हो, भाऊ," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या घरात कोण सुखात असतं? पण आता आम्हा चौघांपैकी कुणीच सुखात नाही."

विहीणबाईंनी चहा आणला. काकूंनी घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "साखर जास्त झाली. दुसरा करा."