सहा खटके उजेड

आमच्या घरात कॉलेज पुरं केलेला मी पहिला. त्यातलं निम्मं श्रेय ताईचं. दहावीनंतर तिनं शाळा सोडून भाताची लावणी, जनावरं आणि आईचं दुखणं अंगावर घेतलं नसतं, तर वेल्ह्याकडच्या आमच्या गावातून मला भोरला शिकायला कुणी पाठवलं नसतं. हे उपकार मी विसरलेलो नाही. म्हणूनच मी तिचं काय केलं, तेही सांगायला हवं.

कॉलेज सांभाळून मी भोरमधल्या एका फोटो स्टुडिओत काम करायचो. पहिल्याच आठवड्यात मालकांनी कॅमेऱ्याची तबकडी ‘एम’वर, म्हणजे मॅन्युअलवर फिरवली आणि म्हणाले, “आता हितनं पुढं डोकं तुझं. ऑटोवर माकडबी फोटो काढतंय.” भिंगाचं छिद्र किती उघडायचं, शटर किती वेळ उघडं ठेवायचं, आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची ताकद किती, या तिन्हींचा मेळ त्यांनी मला घालायला शिकवला. कॅमेऱ्याला पांढरी भिंत आणि काळी म्हैस यांतला फरक कळत नाही, तो दोन्ही राखाडी करू बघतो, असं ते म्हणत. आणि आणखी एक सांगत, “स्थळाच्या फोटोला पोरीच्या तोंडावर जरा जास्त उजेड घालायचा. आईबाप दुवा देत्यात.”

ताईला दोन ठिकाणांहून नकार आला होता. तिसऱ्या स्थळासाठी मी स्टुडिओतला कॅमेरा घरी आणला. चुना दिलेल्या भिंतीपुढं स्टूल ठेवलं, पिवळी साडी नेसवून तिला बसवलं. तिच्या गालावरून उजेड मोजला आणि शटर अडीचशेवर, म्हणजे सेकंदाच्या अडीचशेव्या भागावर ठेवून फोटो काढला. त्यात ताई ताईसारखी आली होती. उन्हात रापलेली, गालावर खळी.

आई खांद्यावरून बघत होती. “ही तर लावणीतनं उठून आल्यागत दिसतीया. ह्यो धाडल्यावर कोण यील?”

मी शटरचं चाक फिरवलं. तीन खटक्यांना उजेड दुप्पट होतो, सहांना चौपट. सहा दिले. शटर साठवर आलं. नव्या फोटोत भिंत नाहीशी झाली, हनुवटीची कड पुसली, खळी गेली. आई खूष झाली.

ताईनं कॅमेरा हातात घेतला. “ही कोण रं?”

“तूच की.”

“मग लई वर्सांनी भेटली,” ती हसली. “आदला बरा हुता.”

मी तिला एक्स्पोजर म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्या शब्दापुढं तिनं कॅमेरा परत दिला. आदला मी पुसून टाकला.

फोटो मोबाईलवरून सारोळ्याला मुलाकडं गेला आणि आठवड्यात पाहुणे जीपनं आलेच. फोटोत जी साडी असते तीच बघायच्या दिवशी नेसायची, म्हणजे पोरगी ओळखू येते, अशी आमच्याकडची पद्धत. आईनं ती पाळली. मला तेव्हाही काही सुचलं नाही.

ताई पोह्यांचा ट्रे घेऊन आली. मुलाच्या आत्यांनी तिला खालपासून वरपर्यंत बघितलं. “फोटूतली पोरगी कवा यायची?”

“हीच की,” आई म्हणाली.

आत्या उठल्या. मोबाईल काढून त्यांनी ताईच्या गालाजवळ धरला. बसलेली माणसं पुढं वाकली.

“तोंडाचं ऱ्हाऊ द्या, उन्हानं रापलं म्हणाल. पर लुगडं? फोटूत दुधात बुडवल्यालं, आन हितं झेंडू! लुगडंबी लावणीला गेल्तं व्हय?”

सगळे हसले. मुलगा हसला. पाहुण्यांचा मान राखायला आमचे वडील, आबाही हसले. ताईच्या हातात ट्रे तसाच होता, कुणी बशी उचलेना.

“फोटू काढला कुणी?” आत्यांनी विचारलं.

“ह्यानंच,” आई सवयीनं बोलून गेली. “कालिजात हाय त्यो.”

“मग शिकलाय खरा!”

पोहे खाऊन ते गेले. त्यांना जीपपर्यंत सोडून आल्यावर आबा मला म्हणाले, “तुला जरा कमी करता येत न्हाई व्हय? पटंल एवढाच गोरा काढ.”

“येतं,” मी म्हणालो. खरंच येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईनं स्वतःच स्टूल भिंतीपुढं ठेवलं. मी मनाशी ठरवलं होतं, अडीचशेच ठेवायचं. ती बाहेर आली तेव्हा तिनं आईची जुनी, विटलेली मोतिया साडी नेसली होती.

“ही कशाला?”

“ही कितीबी उजळली तरी कळायची न्हाई,” ती म्हणाली आणि पदर नीट करून बसली. “तीनच खटकं दे.”

मी मोजून तीन दिले. या वेळी तिनं बघायला कॅमेरा मागितला नाही.