गोंगाटावर माया करणारे सर

मी कुणाबद्दल लिहावं, एवढी माझी पात्रता नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. काही चुकलं तर माफ करा. पण गोंगाटावर एवढी माया करणारा माणूस उभ्या नाशिक जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, म्हणून हे धाडस.

गंगापूर रोडवरच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सर कम्युनिकेशन, म्हणजे तारेवरून संदेश पाठवण्याची विद्या, शिकवत. खाजगी बोलायचं असलं की ते माणसाला धडधडत्या जनरेटरपाशी नेत. मी नापास झाल्याचंही त्यांनी मला तिथेच सांगितलं. वर म्हणाले, "मी तुझ्या कानाशी आहे, तुला ऐकू येतं. दाराआडच्यांना येत नाही. कुलूप नाही, किल्ली नाही!" चोरून ऐकणाऱ्याची लाइन आपल्या माणसाच्या लाइनपेक्षा जास्त खरखरत असेल, तर संदेश किल्लीशिवायही गुपित राहतो, असं त्यांचं म्हणणं. मात्र किती पाठवायचं याला हद्द आहे. दोन लाइनींत जेवढा फरक, तेवढंच. त्यापुढे गळती सुरू. या हद्दीच्या सिद्धतेचा त्यांचा पेपर दोनदा परत आला होता. त्या वर्षी छापून आला नाही, तर त्यांची पीएचडीची नोंदणी रद्द होणार होती. विभागप्रमुख म्हणाले, "अहो, सोडा आता. गाइड लिहा, चार पोरं पास होतील." सर म्हणाले, "संदेश पोचला नाही तर पुन्हा पाठवायचा असतो. हेच तर मी शिकवतो!"

आमच्या हरसूलच्या बाजारात बैलाचा भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरवतात, हे मी एकदा बोलून गेलो. पुढच्याच बाजाराला सर एसटीने हजर. व्यापाऱ्याने रुमालाखाली हात दिला, सरांनी कुतूहलाने त्याची पाचही बोटं करकचून दाबली, आणि व्यापारी ओरडला, "झाला सौदा!" त्याच बाजारात दलाली करणाऱ्या माझ्या मामांनी हातापाया पडून तो मोडला. सर मात्र खूश. "संदेश बिनचूक पोचला. पाठवणाराच चुकला!" मग त्यांनी मामांना विचारलं, "पण कोपर हलतं, त्यावरून बघ्यांना भाव कळत नाही?"

"कसा कळंल, सर? कोपर मी उगाच हलवतो. ज्याचा हात धरलाय, त्याला बोटं लागतात. बाकीचे बसतात कोपर बघत!"

सर जागीच थांबले. "मामा, दोन वर्षं मी इथंच अडलो होतो. पाठवणाऱ्याने स्वतःचाही थोडा गोंधळ मिसळायचा!" परतीच्या एसटीत त्यांनी माझ्या वहीची मागची सगळी पानं लिहून काढली, आणि आठवड्यात पेपर तिसऱ्यांदा गेला.

उत्तर आलं ते दिवाळीच्या सुट्टीत. कॉलेजात आलेलं पाकीट मीच वर सरांच्या खोलीत नेऊन दिलं. सरांनी ते फोडलं, वाचलं आणि माझ्याकडे सरकवलं. "वाच. मोठ्याने."

माझं इंग्रजी कच्चं, अडखळत वाचलं. सिद्धता बरोबर आहे. मात्र हाच निष्कर्ष परदेशात कुणीतरी पुष्कळ वर्षांपूर्वी छापलेला आहे, म्हणून आम्ही तो घेऊ शकत नाही. ज्यात तो छापला होता, ते मासिक आमच्या लायब्ररीत कधी आलंच नव्हतं. नोंदणी गेली, हे दोघांनाही कळलं. मला मान वर करवेना.

"पहिलं वाक्य पुन्हा वाच," सर म्हणाले.

मी वाचलं.

"अजून एकदा."

"सिद्धता बरोबर आहे, सर."