काळं कुंकू

आमच्या घरात शंका घेणं हा मुख्य धंदा होता आणि भाजीपाला हा जोडधंदा. बुलढाण्याच्या उताराला आमचा मळा. विहीर, मोट, वांग्यांचे वाफे आणि कडेनं सांबार, म्हणजे कोथिंबीर. एखाद्या गिऱ्हाइकानं घासाघीस न करता वांगी घेतली, की तो वळणाआड जाईपर्यंत बाबा त्याच्या पाठीकडे पाहत बसायचे. शेजारून वाटीभर कालवण आलं, तर माय आधी त्याचा वास घ्यायची, मग आणणारीच्या तोंडाकडे बघायची, मग घ्यायची. मी शिकत होतो म्हणून माझ्या शंका जास्त शिकलेल्या, एवढाच फरक.

त्या वेळी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता आणि शाळेत जे काही नवीन यायचं ते नागपूरच्या हुकमानं यायचं. मी नववीत असताना असाच एक हुकूम आला, की ड्रॉइंगच्या मास्तरांनी आठवड्यातून एकदा वरच्या वर्गातल्या मुलांना फोटो काढायला शिकवावं. हुकमाबरोबर एक लाकडी कॅमेरा, तीन पाय आणि एक काळं फडकं आलं. ड्रॉइंगचे मास्तर पुण्याकडचे होते. ते 'मला' म्हणायचे, 'तुला' म्हणायचे, आणि आमच्यापैकी कोणी 'मले' म्हटलं की क्षणभर डोळे मिटायचे. असा माणूस आपल्याला विद्या देईल यावर आम्हा सात जणांपैकी एकाचाही विश्वास नव्हता.

माझा तर अजिबात नव्हता. माझं म्हणणं असं, की मास्तरांना पुढे स्वतःचं फोटोचं दुकान काढायचं आहे. मग ते आपले सात वैरी आपल्याच हातानं कशाला तयार करतील? ते फडक्यात डोकं घालून काहीतरी पुटपुटायचे. ते सेकंद मोजतात हे मला नंतर कळलं. तेव्हा मला खात्री होती की मुख्य गोष्ट त्या पुटपुटण्यातच आहे. ते फळ्यावर जे लिहायचे ते मी वहीत उतरवून घेत नसे. जे चारचौघांना दिसेल असं फळ्यावर लिहिलं ते गुपित कसं असेल, असा माझा हिशेब.

नकाशे ठेवायच्या खोलीच्या खिडक्यांना काळा कागद चिकटवून अंधारखोली केली होती. आत लाल काचेचा कंदील. त्या उजेडात मास्तर काचेची प्लेट औषधाच्या पाण्यात हलवायचे आणि प्लेटवर हळूहळू माणूस उमटायचा. मी विचारलं, "मास्तर, इथं उजेड चालते अन् बाहेरचा काऊन नाही चालत?" त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि सांगितलं, की प्लेटला लाल दिसत नाही. मी मागच्या पोराला कोपर मारलं. जिला डोळेच नाहीत तिला लाल दिसत नाही म्हणे. बाहेर आल्यावर आम्ही त्यावर पोटभर हसलो. मास्तर फसवून राह्यले, यावर सातही जणांचं एकमत झालं. एकमत झालं म्हणजे ते खरंच असणार.

सहामाहीच्या शेवटी प्रत्येकाला एक प्लेट मिळाली. ज्याचा काढायचा त्याचा फोटो काढा, मास्तर म्हणाले.

त्याच सुमारास माझ्या मोठ्या बहिणीला, म्हणजे बाईला, शेगावचं स्थळ आलं होतं. मुलगा मंदिराच्या रस्त्याला नारळ-बत्ताशाच्या दुकानात बसायचा. त्याचे वडील नव्हते आणि घरचा सगळा कारभार मामाच्या हातात होता. हा मामा आमच्या घरात जन्माला यायचा चुकून तिकडे गेला असावा. त्यांच्या घराण्यात म्हणे एकदा धाकटी दाखवून थोरली गळ्यात बांधली होती. तेव्हापासून त्यानं नियमच केला, की आधी मुलीचा फोटो हातात पाहिजे. उद्या मांडवात मुलगी बदलली तर फोटो काढून समोर धरता येतो. बाबांना हा विचार फार आवडला. माणूस पक्का आहे, म्हणाले.

मी छाती पुढे काढून म्हणालो, खामगावच्या फोटोवाल्याकडे जायची गरज नाही, मी आहे.

एका रविवारी मळ्यात, विहिरीच्या धावेवर, मोटेचे बैल चालतात त्या उतारावर, बाईला उभं केलं. मास्तर बाजूला उभे होते, पण मी त्यांना कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. काय सांगता येतं, मुद्दाम बिघडवतील. बाई फिकट पिवळं लुगडं नेसली होती. कुंकू तिनं मेण लावून असं गोल कोरलं होतं, की कंपासानं मलाही तसं जमलं नसतं. "बाकी कसंबी येवो बे," ती म्हणाली, "कपाळ नीट येऊ दे." फडक्याखालून बघितलं तर ती काचेवर उलटी, डोकं खाली पाय वर. मी मास्तरांसारखंच पुटपुटलो. काय पुटपुटायचं ते ठाऊक नव्हतं म्हणून पावकी म्हटली.

फोटो उमटला. बाई कागदावर आली, डोळे थेट समोर, आणि कपाळावर काळाभोर ठिपका. मला त्यात काही गैर दिसलं नाही. सगळा फोटोच काळापांढरा. त्यात कुंकू काळं. मायनं मात्र फोटो दाराशी नेऊन, उजेडात धरून पुष्कळ वेळ पाहिला. "हे असं काऊन?" ती म्हणाली. मी म्हणालो, फोटोत असंच असते. पुढच्या टपालानं फोटो शेगावला गेला.

आठ दिवसांत मामाचं पत्र आलं. बाबांना वाचता येत नसे, म्हणून ते मी वाचलं, आणि पहिल्या दोन ओळींनंतर मला न वाचता येण्याचं सुख कळलं. पत्रात असं होतं, की मुलीच्या कपाळी कुंकू नाही, विधवेचा काळा बुक्का आहे. फोटोत कुंकू काळं येतं असं कोणी सांगेल तर आमच्या घरीही फोटो आहे आणि त्यात कुंकू लाल आहे. तेव्हा मुलगी पूर्वी कुठे दिलेली होती आणि तिथे काय झालं ते खरं कळवावं. पाट लावायचा होता तर तसं आधी सांगायचं होतं. आमचा भाचा बिनलग्नाचा आहे; त्याचं आधी रुईच्या झाडाशी लग्न लावून मग तुमची मुलगी करावी, इतकी आम्हाला अडचण नाही.

आमच्यात विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण बिनलग्नाच्या पोरानं विधवा करायची तर आधी त्याला रुईच्या झाडाशी लावतात, आणि पाटाची बाई लग्नाची म्हणून दिली तर ती सरळ फसवणूक. ही कुजबूज शेगावहून मलकापूरपर्यंत पोचली असती, तर त्या अख्ख्या पट्ट्यातून बाईला पुन्हा स्थळ आलं नसतं. माझी बहीण, जिला लग्न म्हणजे काय ते दुसऱ्यांच्या मांडवातूनच माहीत, ती माझ्या एका फोटोनं विधवा झाली.

बाबा माझ्याकडे बघत राहिले, घासाघीस न करणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघायचे तसे. माय चुलीपाशी गेली ती बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईच्या कपाळावरचं कुंकू दुप्पट मोठं होतं. पुढचे काही दिवस ती मला वाढायची तेव्हा भाकर ताटात ठेवायची नाही, टाकायची.

मी मास्तरांकडे गेलो तो भांडायलाच. म्हणालो, "तुमीच औषधात काही घातलं." त्यांनी मला अंधारखोलीत नेलं आणि तो लाल कंदील माझ्या नाकासमोर धरला.

"या उजेडात प्लेट खराब का होत नाही?"

"तिले लाल दिसत नाही म्हणता तुमी."

"मग तुझ्या बहिणीच्या कपाळावरचं लाल तिला कसं दिसेल? जिथं तिला काही दिसलं नाही, तिथं कागदावर काळं. फळ्यावर लिहिलं होतं मी."

मी म्हणालो, मले वाटलं तुमी लपवून राह्यले. मास्तरांनी कंदील खाली ठेवला. मग म्हणाले, चार वर्षं झाली मला या गावात, आणि मी काहीतरी लपवतो असंच सगळ्यांना वाटतं. मला वाटायचं की बोलीमुळे. त्या वेळी मी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं. माणूस माझ्या मोठ्या चुलतभावाच्या वयाचा होता.

मामाच्या घरच्या लाल कुंकवाचाही उलगडा त्यांनी केला. शहरातले फोटोवाले फोटो झाल्यावर बारीक कुंचल्यानं कुंकू रंगवतात, कोणी लुगड्याचे काठही रंगवतात. ओला कापूस फिरवला तर रंग निघून येईल आणि खाली काळंच सापडेल. मी घरी धावत आलो. बाबांनी सगळं ऐकलं आणि मास्तरांचं यात काय साधतं ते विचारलं. पण मामाला निरोप गेला, की या आणि तुमचा फोटो घेऊन या.

मामा मलकापूरपर्यंत आगगाडीनं आणि तिथून मोटारीनं घाट चढून आला, पण थेट घरी आला नाही. दुपारपर्यंत तो बाजारात आमच्याबद्दल चौकशा करत फिरला. हे आम्हाला कळलं, कारण बाबांनी त्याच्यावर नजर ठेवायला माझ्या काकांना पाठवलं होतं. शेवटी तो ओसरीवर येऊन बसला, उपरण्यात गुंडाळलेली चौकट मांडीवर. मास्तरांनाही मी बोलावून आणलं होतं. चहा आला. बाबांनी पहिला घोट घेतल्याशिवाय मामा कप उचलणार नव्हता. बाबा मामाची वाट पाहत होते. चहा निवला.

मग मामानं चौकट उघडली. आत त्याची बायको, खुर्चीवर, कपाळावर लालबुंद कुंकू. "हे पाहा," तो म्हणाला, "फोटोत लाल येते."

मास्तरांनी शांतपणे सगळं सांगितलं. प्लेट, लाल, काळं, कुंचला. मग मायकडून वाटीत पाणी आणि कापूस मागवला. "काच काढून एकदा पुसून बघू," म्हणाले. "खाली काळं निघालं नाही तर मी नोकरी सोडीन."

त्यांनी कापूस भिजवला आणि हात पुढे केला मात्र, मामानं चौकट छातीशी ओढून घेतली.

"माह्या बायकोचं कुंकू पुसता काय मास्तर?"

मायचा हात आपसूक स्वतःच्या कपाळाकडे गेला. पुण्याकडच्या मास्तरांनाही आपण काय करायला निघालो होतो ते त्या क्षणी कळलं असावं. त्यांनी कापूस हळूच मुठीत लपवला. पुरावा समोर होता आणि त्याला कोणीही बोट लावणार नव्हतं. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस उठेल आणि घाट उतरताना मोटारीतल्या प्रत्येकाला सांगेल.

तेव्हा आतल्या दाराशी बाई आली. पदर डोक्यावर, पण चेहरा उघडा.

"मामाजी, तुमच्या घरच्या बाईचं कुंकू तुमाले फोटोतबी पुसू देववत नाही. माह्यं तर तुमी जित्या कपाळावरचं पुसलं, एका चिठ्ठीनं."

बाबा तिला गप्प बस म्हणतील असं मला वाटलं. ते म्हणाले नाहीत. मामानं तिच्याकडे पाहिलं, तिच्या कपाळाकडे पाहिलं, मग मांडीवरच्या चौकटीकडे. मग त्यानं ती निवलेल्या चहाची कपबशी उचलली आणि एका दमात संपवली. आमच्याकडे याला माफी मागणं म्हणतात.

जाताना त्यानं खिशातून बाईचा फोटो काढला आणि मास्तरांना बाजूला घेऊन म्हणाला, की तुमचं पटलं, पण घरी बायामाणसं आहेत. तेवढा एक ठिपका लाल करून द्या म्हणजे प्रश्न मिटला. मास्तरांकडे रंग होता. ते हो म्हणणारच होते.

"नाही," बाई आतून म्हणाली. "जसा हाये तसाच न्या."

मग तो तसाच घेऊन गेला. नंतर कानावर आलं, की शेगावात हा मामा दुकानावर येणाऱ्या प्रत्येकाला फोटो दाखवून प्लेटला लाल का दिसत नाही ते समजावतो, आणि कोणी शंका काढली तर भडकतो.

होकाराचं पत्र आलं, आणि आता शंका घ्यायची पाळी आमची होती. इतक्या लवकर हो का म्हणाले? पोरात काही उणं आहे का? बाबा दोन दिवस शेगावला जाऊन, नारळ घेण्याच्या मिषानं तीनदा दुकानावर उभे राहून आले. पोरगा बोलतच नाही, म्हणाले; मुका तर नाही ना, पहा. बाईनं मात्र एकच अट घातली, की त्यानं स्वतः यावं.

तो आला. उंच, बारीक, आणि खरोखरच मुक्यासारखा. पोह्यांची ताटली हातात धरून तासभर जमिनीकडे पाहत बसला. बाईनं दाराआडून मला खुणावलं आणि विचारायला सांगितलं, की फोटो आला तेव्हा तुमच्या मनात काय आलं. मी ओसरीवर जाऊन तसंच विचारलं. मास्तरांचा मान राखायचा म्हणून त्यात थोडं प्लेटचं शास्त्रही घातलं.

त्यानं खूप विचार केला. मग म्हणाला, "मामा म्हणे कुंकू काळं हाये. मले नाही दिसलं. मी डोळेच पाहून राह्यलो होतो."

मी आत जाऊन शब्द न बदलता सांगितलं. बाईनं ऐकलं, कढईतले उरलेले पोहे निवडल्यासारखे बोटानं इकडेतिकडे केले.

"खोटं बोलून राह्यला," ती म्हणाली, आणि हो म्हणायला मायकडे गेली.